आक्काचे दोन बिल्ले

आमच्या आक्काला बाथरूमला जायचं असलं की ती मला हाक मारत नाही. हाक मारणं म्हणजे विनवणं आलं, आणि विनवणं तिच्या रक्तातच नाही. ती बोटातली अंगठी कॉटच्या लोखंडी दांड्यावर वाजवते. टक टक, दोनदा. मी स्वयंपाकघरात असले तरी मला ऐकू येतं. मी हातातलं काम खाली ठेवते आणि जाते. कधी लगेच जाते, कधी जरा वेळाने जाते.

हे 'जरा वेळाने' मी मुद्दाम करते. खोटं कशाला बोलू? गॅस बारीक करायचा असतो, ओटा पुसायचा असतो, हे सगळं खरं, पण ती कामं काही पळून जात नसतात. ती वाजवते आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. मग ती परत वाजवते. त्या दुसऱ्या टक टकीत जरा घाई असते. ती घाई कानावर पडली ना, की मला बरं वाटतं. झालं बोलून.

आक्का माझी सख्खी थोरली बहीण. सात वर्षांनी मोठी, म्हणजे आता सहासष्ट. चार महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही, तेव्हा येणार कुठे? माझ्याकडेच. लोक म्हणतात, "किती गं करतेस बहिणीचं!" लोकांना काय जातंय बोलायला. मी तिला वेळेवर जेवायला देते, गोळ्या देते, अंग पुसून देते. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी सातला स्टीलची मोठी बाटली भरून तिच्या उशाशी स्टुलावर ठेवते. आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतते. कर्तव्यात कसूर म्हणाल तर नाही. आणि तिच्याही जिद्दीची कमाल आहे, चार महिन्यांत एकदाही अंथरूण ओलं केलं नाही. मी कितीही उशीर लावला तरी नाही. मेली सगळं दाबून धरते, मला मात्र जिंकू देत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आहे का कैदाशीण? म्हणा. पण आधी आक्का कोण होती ते ऐका, मग म्हणा.

आम्ही दोघी एका शिलाईच्या कारखान्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे एक लांबच लांब हॉल, वर पत्रा, खाली चार रांगांत चौसष्ट मशिनं. आमच्याकडे गणवेश शिवायचे, डॉक्टरांचे पांढरे कोट, आचाऱ्यांचे कोट, शाळेचे शर्ट. एकीने कॉलर लावायची, दुसरीने खिसा, तिसरीने बाही, अशी लाइन. एक थांबली की तिच्या पुढच्या सगळ्या थांबतात. मला तिथे आक्कानेच चिकटवलं. त्याआधी तिची चार वर्षं झाली होती.

तिची पहिली सत्ता हातात होती, हे मान्य करायलाच हवं. बाही चढवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. बाहीचा घेर खांद्यापेक्षा मोठा असतो, तो एकही चुणी न पडता आत मुरवायचा असतो. आक्का बोटांनी कापड असं काही सरकवायची की वरून बघणाऱ्याला वाटावं, बाही तिथेच उगवलीय. मशीन बिघडलं तर मेकॅनिक यायला दोन तास. आक्का यायची, मशिनला कान लावायची, एक स्क्रू इवलासा फिरवायची, की झालं सुरू. बाया तिच्या मागेमागे असायच्या. ती शिकवायचीही, हात आखडून नाही शिकवायची. फक्त तो शेवटचा स्क्रू नेमका किती फिरवायचा, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मला तरी कुठे सांगितलं? मी विचारलं तर म्हणाली, "अगं, तुला येईल हळूहळू." एकोणतीस वर्षं मी तिथे काढली. अजून येतंय.

आणि जीव लावायची, हो! तेही खरंय. कुणाचं मूल आजारी असलं तर तिच्या वाटणीचा गठ्ठा ही उचलायची. कुणाची सासू कशी, कुणाचा नवरा पितो, कुणी माहेरी कळवल्याशिवाय दवाखान्यात गेली, सगळं तिच्या कानात यायचं आणि तिथेच राहायचं. बाया म्हणायच्या, आक्का म्हणजे आमची आई. मला बाई गंमतच वाटायची. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची, ही सोळाची. माझी आई तीच झाली होती, आणि ती आई कशी असते ते मला चांगलं माहीत होतं. भूक लागली म्हटलं की म्हणायची, "थांब जरा." अन्न तयार असायचं, तरी थांब जरा. पण लोकांना कोण सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

तर बिल्ल्यांची गोष्ट.

त्या वेळी आमच्यावर एक सुपरवायझर होता, त्याला आम्ही चष्मिष्ट म्हणायचो. त्याच्या टेबलावर खिळ्याला पत्र्याचे दोन बिल्ले टांगलेले असायचे, एक नंबर आणि दोन नंबर. बाथरूमला जायचं तर बिल्ला घेऊन जायचं. बिल्ले दोनच, म्हणजे चौसष्टातल्या दोघीच एका वेळी बाहेर. त्यातून चष्मिष्टाची मर्जी. "आत्ता नको, माल निघायचाय." बाईमाणसाने अशा वेळी पुरुषाच्या टेबलापुढे उभं राहायचं, आणि तो मान वर न करता कागद चाळणार! आम्ही सगळ्याजणी सकाळचं पाणी पिणंच सोडलं होतं. घरून बाटल्या आणायच्या, मशिनच्या पायाशी ठेवायच्या आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं होतं. भरलेल्या बाटल्यांची रांगच्या रांग लागलेली असायची बघा.

एके दिवशी त्याने एका बाईला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा ती उठायच्या आत आक्काने मशीन बंद केलं. उभी राहिली आणि म्हणाली, "मी चालले. कुणाला यायचंय?" बिल्ला न घेता तरातरा निघाली. तिच्या मागे एक मशीन बंद, दुसरं बंद, मग खडाखड सगळीच बंद. चौसष्ट बाया बाथरूमच्या दारात रांग लावून उभ्या! हसतोय काय, टाळ्या काय. एवढं हसलेले मी आयुष्यात नाही. चष्मिष्ट नुसता "अहो, अहो" करत राहिला.

मोठे साहेब खाली आले. ते पडले धूर्त. त्यांनी आवाज चढवला नाही, खुर्ची मागवली, बसले, म्हणाले, "काय हवंय?" आक्का म्हणाली, "बिल्ले बंद करा." साहेब म्हणाले, "केले बंद. एवढंच ना? ज्याला जायचं त्याने जावं."

आता बघा आमची अक्कल. तिथेच थांबायचं की नाही? साहेब हो म्हणताहेत, बिल्ले गेले, चला कामाला! पण आमच्यात लगेच कुजबुज सुरू. पुढच्या रांगेला वाटलं, आता मागच्या रांगेतल्या टवळ्या अर्धा अर्धा तास गप्पा छाटणार आणि लाइन आमच्यामुळे अडली म्हणून बोलणी आम्ही खाणार. मागच्या रांगेला वाटलं, पुढच्या त्या शहाण्या सारख्या उठणार. एकमेकींवर विश्वास मुळी नाहीच. मग एक जण उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, बिल्ले राहू देत. फक्त ते आक्काकडे द्या. आपल्या माणसाच्या हातात असले म्हणजे झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

ती एक जण म्हणजे मी.

साहेब हसले. मला ते हसणं तेव्हा कळलं नाही. त्यांनी खिळ्यावरचे बिल्ले काढून स्वतःच्या हाताने आक्काच्या हातात दिले. महिन्याभरात चष्मिष्टाला गोदामात पाठवलं आणि त्याची खुर्चीही आक्काला दिली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण तो दांडा आम्हीच तासून, तेल लावून साहेबांना दिला होता.

पहिली एक-दोन वर्षं बिल्ले आक्काच्या खणात नुसते पडून असायचे. कुणीही उठावं, जाऊन यावं. बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या, नळावर गर्दी व्हायला लागली. मग एकदा मोठी ऑर्डर आली, मुदत जवळ, साहेबांचे दिवसातून दहा फोन. तिसऱ्या रांगेतली एक बाई आक्काला सगळ्यांदेखत म्हणाली, "तू काय आता साहेबांची झालीस." दुसऱ्या दिवशी ती बाई जायला उठली तर आक्का न बघता म्हणाली, "थांब जरा." एवढंच. ती बाई थांबली. दहा मिनिटं उभी राहिली. आणि मी आक्काचा चेहरा पाहिला. तो चेहरा मला लहानपणापासून ठाऊक होता. तिला काहीतरी सापडलं होतं.

त्यानंतर बिल्ले खणातून तिच्या एप्रनच्या खिशात आले. चालताना वाजायचे. ती हॉलमध्ये कुठे आहे ते मान वर न करता कळायचं.

पुढे काय काय झालं ते सांगत बसले तर दिवस जाईल. कुणाला खिडकीजवळचं मशीन, कुणाला दाराशी वाऱ्याच्या झोतात. कुणाची रजा एका शब्दात मंजूर, कुणाची सहा दिवस टेबलावर पडून. जिच्यावर मर्जी तिच्यासाठी बिल्ला हात पुढे करायच्या आत हजर, जिच्यावर नाही तिला थांब जरा. पूर्वी जीव लावून ऐकलेल्या गुपितांची आता नुसती आठवण करून द्यायची. "काय गं, नवरा बरा आहे ना आता?" असं चारचौघींत विचारायची, की समोरचीचं तोंड बंद. ओरडायची नाही हं कधी. ओरडायची गरजच पडली नाही. मी एकदा घरी तिला विचारलं, "आक्का, बिल्ला खिशात असताना का थांबवतेस गं बायांना?" ती शांतपणे म्हणाली, "अगं, थांबवलं नाही तर त्या मला विचारतील कशाला?"

हे तिचं तत्त्वज्ञान. आणि मी काय केलं? मी मूग गिळून गप्प बसले. मला खिडकीजवळचं मशीन होतं ना! सुपरवायझरची बहीण. मला बिल्ला कधी मागावा लागला नाही.

आता काजाच्या मावशी. काजं करण्याचं मशीन वेगळं असतं, त्यावर त्या बसायच्या, माझ्या शेजारच्याच जागी. आमच्या सगळ्यांत वयाने मोठ्या, म्हणून मावशी. त्या वेळी अठ्ठावन्नच्या. त्यांना साखरेचा आजार होता, वरचेवर जावं लागायचं. बाई मोठी सडेतोड. एकदा कॉलरचा सगळा गठ्ठा चुकीच्या मापाने कापून आला. आक्काने बघितला नाही, तसाच लाइनीत सोडला. मावशींनी आधी आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, "तुम्ही तुमची काजं बघा." मावशी सरळ जिना चढून साहेबांकडे गेल्या. साहेबांनी आक्काला बोलावून झापलं, काचेच्या केबिनमध्ये, म्हणजे आम्हा सगळ्यांना दिसेल असं.

ह्या गोष्टीला आठवडा झाला असेल. सकाळचे साडेदहा. डॉक्टरांचे पांढरे कोट चालू होते. मावशी उठून आक्काच्या टेबलाशी गेल्या. "थांबा जरा, मावशी," आक्का म्हणाली. मावशी परत आल्या, दोन काजं केली, पुन्हा गेल्या. "सांगितलं ना, थांबा जरा. बिल्ले बाहेर आहेत."

बिल्ले बाहेर नव्हते. कुणीही उठलेलं नव्हतं. दोन्ही तिच्या खिशात होते, ती वळली तेव्हा मी ते वाजताना ऐकले. पुढच्या रांगेनेही ऐकले. मावशी तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. खुर्चीत बसल्या, पाय जवळ घेतले, मशीन चालू केलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. काही मागितलं नाही, नुसतं बघितलं. त्यांना ठाऊक होतं की ह्या हॉलमध्ये आक्काला अडवू शकेल अशी एकच बाई आहे.

मी का उठले नाही ते सांगते. माझ्या लेकीला नमुना विभागात घ्यायचं चाललं होतं. तिथे वर वेगळी खोली, उजेड, हातात एकेक कपडा निवांत शिवायचा, लाइनीची कटकट नाही, आणि बिल्ला तर मुळीच नाही. साहेबांनी आक्काचं मत विचारलं होतं आणि आक्का त्या शनिवारी सांगणार होती. तो गुरुवार होता. मी मान खाली घातली आणि खिसा शिवत राहिले. सरळ शिवण, वळण, सरळ शिवण. तो खिसा मी अजून शिवून दाखवीन, इतका आठवतो.

मग मावशींचं मशीन थांबलं. खुर्चीखाली पाणी दिसलं. ते हळूहळू सरकत माझ्या पायाशी ठेवलेल्या कोटांच्या गठ्ठ्यापर्यंत गेलं. पाठोपाठ बाकीची मशिनंही थांबली. चौसष्ट मशिनांचा हॉल आणि सुई पडेल तर ऐकू यावी. आक्का उठून आली, बघितलं आणि म्हणाली, "कोट उचला आधी."

मी उचलले. हो, मीच उचलले कोट.

मावशींनी एप्रन काढला, त्यानेच जमीन पुसली. दोनदा पुसली, नीट, कोपऱ्यापर्यंत. मग पिशवी घेतली, मागे ओल्या कपड्यांवर पिशवी धरली आणि चौसष्ट बायांमधून चालत दारापर्यंत गेल्या. परत कधी आल्या नाहीत. आक्काने मागाहून आम्हाला सांगितलं, "आधी सांगायचं ना, एवढी घाई होती तर." शनिवारी लेकीचं काम झालं. ती आज त्या विभागाची प्रमुख आहे. चांगली आहे हो पोरगी. तिला ह्यातलं काही माहीत नाही.

आक्काचं राज्य पुढे सहा वर्षं चाललं. मग नवे साहेब आले, त्यांनी छताला कॅमेरे लावले आणि आक्काला म्हणाले, "आता तुमची गरज नाही, घरी आराम करा." एका दुपारी खुर्ची गेली. ते बिल्ले तिने खिशातून काढून टेबलावर ठेवले, तर नवे साहेब म्हणाले, "हे काय आहे?" त्यांना ते काय आहेत तेसुद्धा माहीत नव्हतं. हात ओला तर मैत्र भला. तिच्या पुढेपुढे करणाऱ्या बाया दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलून जायला लागल्या. खुबा मोडला तेव्हा एकही जण बघायला आली नाही. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. मी म्हटलं, करावं तसं भरावं. भरायला ती नेमकी माझ्या घरी आली, हा देवाचा विनोद.

आणि मला तिच्याशी भांडायचं नव्हतंच. मला तिला फक्त थांबवायचं होतं. ती वाजवणार, मी भांडी घासत राहणार. तेव्हा मला मावशी आठवायच्या आणि वाटायचं, बघा मावशी, तुमच्यासाठी करतेय.

गेल्या मंगळवारी दुपारी चारला दाराची बेल वाजली. दार उघडलं तर मावशी. बारा वर्षांनी! मधे एकदा बाजारात दिसल्या होत्या तेव्हा मी दुकानाच्या आड लपले होते. आता सत्तरीच्या, केस पांढरेशुभ्र, हातात चार केळी. म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला बघायला आले." मी त्यांना आत आणलं, कॉटशेजारी खुर्ची दिली. आक्काने त्यांना बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मावशी आक्काच्या सुकलेल्या ओठांकडे, काठीकडे, स्टुलावरच्या बाटलीकडे बघत बसल्या.

मी चहा केला, त्यांचा बिनसाखरेचा. कप त्यांच्या हातात दिला, माझा घेऊन समोर बसणार एवढ्यात टक टक.

म्हटलं, हीच वेळ! देवाने जुळवून आणलीय. आजवर मी कधी तोंडाने बोलले नव्हते, नुसता उशीर लावत होते. त्या दिवशी मी मोठ्याने, मावशींना नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "थांब जरा."

आणि बसले. चहात साखर घातली, ढवळली. मावशींकडे बघितलं. मला वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल. निदान डोळ्यांत तरी. मी बारा वर्षांचं देणं त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं.

टक टक. आक्काची बोटं दांड्यावर पांढरी पडली होती. मी चहाचा घोट घेतला.

मावशींनी कप खाली ठेवला. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत उठल्या, कॉटपाशी गेल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "ऊठ गं. धर माझा खांदा."

"तुम्ही नको," आक्का म्हणाली.

"मग कोण? ही?"

आक्काने खांदा धरला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना सावरत, भिंत धरत बाथरूमपर्यंत गेल्या. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. मी बसून होते. हातात कप होता आणि मी उठलेच नाही, काय सांगू.

परत आल्यावर मावशींनी तिला झोपवलं, पांघरूण घातलं. मग स्टुलावरची बाटली उचलून हातावर तोलली. "ही कधी भरलीस?"

"सकाळी सातला."

त्यांनी झाकण काढून बाटली माझ्या नाकासमोर धरली. पाणी गळ्यापर्यंत होतं. सकाळी भरलं तेवढंच.

"तुला चार महिन्यांत दिसलं नाही?" मावशी म्हणाल्या. "मला आल्या आल्या दिसलं. ही पाणी पीत नाही. आपण प्यायचो नाही, तशी."

मी खिडकीतल्या कुंडीकडे बघितलं. रोज बाटलीभर पाणी मिळून ते झाड कसं तरारलं होतं. ते बघून तरी मला कळायला हवं होतं.

"मावशी, मी तुमच्यासाठीच..."

"माझं नाव घेऊ नकोस." आवाज चढवला नाही त्यांनी. "मी हिला माफ करायला आलेली नाही. हिची दशा डोळे भरून बघावी म्हणूनच आले होते, आणि बघितली. हिचा मला अजून संताप येतो. पण ही निदान उघड वाईट होती. त्या दिवशी तुझं मशीन हिच्या टेबलापासून पाच पावलांवर होतं. बिल्ले वाजताना तू ऐकलेस, तुझा चेहरा मी बघत होते. तेव्हा तू बसून राहिलीस, ते लेकीसाठी. आज बसून राहिलीस, ते कुणासाठी?"

पिशवी उचलून त्या निघून गेल्या. चहा अर्धा तसाच राहिला होता.

मी कप विसळले. ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि कॉटपाशी गेले. आक्का जागीच होती. मी पेला तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हॉलमधल्या बाया उठायच्या आधी टेबलाकडे बघायच्या ना, अगदी तसंच.

"पिऊ का?" आक्काने विचारलं.